काबूलची खुर्ची आणि इस्लामाबादची काळजी

10 नोव्हेंबर 2001. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश आणि पाकिस्तानचे लष्करशहा परवेझ मुशर्रफ पत्रकारांसमोर उभे होते. जुळे मनोरे कोसळून दोन महिने झाले होते. आदल्याच दिवशी उत्तर अफगाणिस्तानातले मझार-ए-शरीफ तालिबानच्या हातून गेले होते. मुशर्रफ यांचे एका गोष्टीवर टुमणे होते : तालिबानविरोधी नॉर्दर्न अलायन्सच्या फौजा काबूलमध्ये शिरता कामा नयेत. सोव्हिएत सैन्य गेल्यानंतर याच गटांनी राजधानीची काय अवस्था केली होती, याची आठवण त्यांनी सगळ्यांना करून दिली. बुश यांनी त्यांचा शब्द राखला. आमच्या मित्रांनी शोमालीचे मैदान ओलांडून दक्षिणेकडे जरूर यावे, पण शहरात पाऊल टाकू नये, असे त्यांनी जाहीर सांगून टाकले.

13 नोव्हेंबरच्या सकाळी नॉर्दर्न अलायन्सच्या गाड्या काबूलमध्ये फिरत होत्या. तालिबान रातोरात शहर सोडून गेले होते. मोकळी पडलेली राजधानी समोर दिसत असताना तिच्या वेशीवर थांबून राहण्याइतका संयम कोणत्याही विजयी फौजेकडे नसतो. इस्लामाबादमध्ये मात्र ही बातमी पराभवासारखी पोचली. ज्या गटाला काबूलपासून दूर ठेवण्यासाठी पाकिस्तानने सात वर्षे तालिबानच्या पाठीशी बळ उभे केले, तोच गट आता राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात बसला होता. युद्ध संपत आले होते आणि पुढचा प्रश्न उभा होता : अंतरिम सरकार कोणाचे?

हा प्रश्न अफगाणांचा होता हे खरेच. पण अफगाणिस्तानच्या प्रत्येक सीमेपलीकडे कोणीतरी त्याचे उत्तर आपल्या सोयीने शोधत होते आणि त्यात सर्वांत अस्वस्थ होता तो पाकिस्तान. ही अस्वस्थता केवळ कारस्थानी वृत्तीतून आली होती, असे भारतीय वाचकाला सहज वाटेल. पण ते अर्धेच खरे आहे.

मुळाशी आहे ती 1893 साली आखलेली ड्युरँड रेषा. ब्रिटिश अधिकारी मॉर्टिमर ड्युरँड आणि अमीर अब्दुर रहमान यांच्या करारातून ठरलेली सुमारे 2,600 किलोमीटरची ही रेषा पश्तून मुलखाच्या मधोमध जाते. 1947 मध्ये ब्रिटिश गेले आणि काबूलने भूमिका घेतली की करार ब्रिटिशांशी होता, नव्या देशाशी नव्हे. त्याच वर्षी सप्टेंबरात पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व देण्याचा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणारा एकमेव देश अफगाणिस्तान होता. पुढे ते मत मागे घेतले गेले, पण जन्मतःच मिळालेला तो नकार पाकिस्तान विसरला नाही. पन्नाशीच्या दशकात अफगाण पंतप्रधान मोहम्मद दाऊद यांनी ‘पश्तुनिस्तान’ची मागणी लावून धरली, तर 1961 ते 1963 दोन्ही देशांचे राजनैतिक संबंधच तुटले होते. पूर्वेला भारत, पश्चिमेला हक्क सांगणारे काबूल. दोन्हीकडून कोंडी होऊ नये म्हणून काबूलमध्ये आपल्याला मानणारे सरकार हवे, ही पाकिस्तानी लष्कराची पक्की धारणा त्यातून झाली. त्यात निर्वासितांची भर पडली. सोव्हिएत आक्रमणानंतर तीस लाखांहून अधिक अफगाण पाकिस्तानात आले होते. काबूलमध्ये सरकार बिघडले की त्याची किंमत पेशावर आणि क्वेट्टा मोजणार, हे सांगायला कोणत्याही हेरखात्याची गरज नव्हती.

काळजी खरी होती. तिच्यावर पाकिस्तानने शोधलेला उपाय मात्र पुन्हा पुन्हा फसला, आणि 2001 समजून घ्यायचे तर त्याआधीचे दोन प्रयोग पाहावेच लागतात.

पहिला प्रयोग सोव्हिएत माघारीच्या वेळचा. 1988 च्या सुरुवातीला जिनिव्हात करार दृष्टिपथात आला तेव्हा जनरल झिया-उल-हक अडून बसले. आधी काबूलमध्ये मुजाहिदीनांचा समावेश असलेले अंतरिम सरकार बसवा, मग सही, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे पंतप्रधान मोहम्मद खान जुनेजो यांना वाटत होते की सोव्हिएत सैन्य जायला तयार आहे तर आधी त्याला जाऊ द्यावे. जुनेजोंनी मार्चमध्ये सर्वपक्षीय बैठक बोलावली, तिला बेनझीर भुट्टोही आल्या आणि बैठकीचा कौल सहीच्या बाजूने पडला. 14 एप्रिल 1988 रोजी करार झाला, अंतरिम सरकारचा प्रश्न तसाच अधांतरी ठेवून. मेच्या अखेरीस झियांनी जुनेजोंना बडतर्फ केले. त्याला इतरही कारणे होती, पण जिनिव्हाचा राग त्यात होताच.

झिया यांचा आग्रह पुढच्या घटनांनी अंशतः खरा ठरवला. माघारीनंतर सत्ता कोणाकडे, हे न ठरवता झालेल्या करारामुळे युद्ध थांबले नाही. मात्र झियांनंतर पाकिस्तानी यंत्रणेने जे सरकार उभे केले, ते पाहता त्यांच्या मार्गाने शांतता आली असती असेही म्हणवत नाही. फेब्रुवारी 1989 मध्ये रावळपिंडीत मुजाहिदीन पक्षांची शूरा भरवण्यात आली. आयएसआयची देखरेख, सौदी पैसा आणि सात सुन्नी पक्ष. इराणमधून काम करणाऱ्या आठ शिया पक्षांची जागांवरून बोलणी फिसकटली आणि ते बाहेरच राहिले. सिबगतुल्ला मुजद्दिदी राष्ट्राध्यक्ष, अब्दुल रसूल सय्याफ पंतप्रधान, गुलबुद्दीन हिकमतयार परराष्ट्रमंत्री असे सरकार जाहीर झाले. सौदी अरेबियाने त्याला मान्यता दिली, पण ज्या देशाच्या भूमीवर ते जन्मले त्या पाकिस्ताननेच औपचारिक मान्यता दिली नाही. सरकारला स्वतःची राजधानी हवी म्हणून मार्चमध्ये जलालाबादवर हल्ला चढवला गेला. शहर पडले नाही. काबूलमधली सोव्हिएत पाठबळाची नजिबुल्ला यांची राजवट आणखी तीन वर्षे टिकली.

दुसरा प्रयोग 1992 चा. नजिबुल्ला कोसळल्यावर 24 एप्रिलला पेशावरमध्ये नवाझ शरीफ यांच्या उपस्थितीत करार झाला : मुजद्दिदी दोन महिने, त्यानंतर बुऱ्हानुद्दीन रब्बानी चार महिने, पंतप्रधानपद हिकमतयार यांच्या पक्षाला. हिकमतयार यांनी करार धुडकावला आणि काबूलवर रॉकेट डागायला सुरुवात केली. सोव्हिएत युद्धातून बऱ्यापैकी वाचलेले शहर या भाऊबंदकीत उद्ध्वस्त झाले. मार्च 1993 मध्ये इस्लामाबादला आणखी एक करार झाला. नेत्यांनी तो पाळावा म्हणून त्यांना मक्केला नेऊन त्यांच्याकडून शब्द घेतला गेला. तोही टिकला नाही. आपल्याच हाताने घडवलेली माणसे आपले ऐकत नाहीत हे पाहून पाकिस्तानने 1994 नंतर तालिबानवर भरवसा टाकला.

ही सगळी शिदोरी घेऊन पाकिस्तान 2001 च्या शरदात उभा होता. मे 1997 मध्ये तालिबान सरकारला मान्यता देणारे तीनच देश होते : पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरात. सप्टेंबर 2001 मध्ये इतर दोघांनी संबंध तोडले. पाकिस्तानने अमेरिकेला हवाई मार्ग आणि तळ दिले, तरी तालिबानचे राजदूत अब्दुल सलाम झईफ इस्लामाबादेत पत्रकार परिषदा घेतच होते. काळी पगडी, चष्मा आणि दुभाष्या घेऊन बसलेले झईफ तेव्हा जगभरच्या वाहिन्यांवर दिसत. एकीकडे पाकिस्तानच्या विमानतळांचा वापर करून अमेरिका तालिबानशी लढते आहे, दुसरीकडे त्याच तालिबानचा दूतावास त्याच देशाच्या राजधानीत उघडा आहे, हे दृश्य नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालले. दूतावास बंद करण्याचा आदेश निघाला तेव्हा काबूल जाऊन नऊ दिवस झाले होते.

दूतावास उघडा ठेवण्यामागे हिशेब होता. 16 ऑक्टोबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इस्लामाबादला आले, तेव्हा भावी सरकारात माजी राजे झहीर शाह, टोळीप्रमुख, नॉर्दर्न अलायन्स यांच्याबरोबर ‘मवाळ तालिबान’लाही जागा असावी, असे मुशर्रफ यांनी मांडले. पॉवेल यांनी ही कल्पना फेटाळली नाही. दिल्ली, मॉस्को आणि तेहरान तिन्ही राजधान्यांत त्यावर भुवया उंचावल्या. आठवडाभरात व्लादिमीर पुतिन यांनी दुशान्बेत रब्बानींची भेट घेतली आणि तालिबानला सरकारात स्थान नको, असे ठणकावले. रब्बानी 1996 मध्येच काबूलमधून हुसकावले गेले होते, पण संयुक्त राष्ट्रांतली अफगाणिस्तानची खुर्ची अजून त्यांच्याच सरकारकडे होती.

त्याच ऑक्टोबरात पेशावरमध्ये पीर सय्यद अहमद गैलानी यांनी हजारावर पश्तून पुढाऱ्यांची सभा भरवली. झहीर शाह यांच्या नावाने एक पश्तून पर्याय उभा करण्याचा तो प्रयत्न होता, पण राजांचा प्रतिनिधीच सभेला आला नाही. दुसऱ्याच दिवशी, 26 ऑक्टोबरला, नामांकित पश्तून सेनानी अब्दुल हक यांना तालिबानने पकडून ठार मारले. नॉर्दर्न अलायन्सचे सेनानी अहमद शाह मसूद यांची हत्या 9 सप्टेंबरला झाली होतीच. अंतरिम सरकारच्या चर्चेआधीच ज्यांच्याभोवती लोक एकत्र आले असते अशी माणसे एकेक करून नाहीशी झाली, ही त्या काळातली सर्वांत मोठी हानी म्हणावी लागेल.

शेवटी बैठक ठरली ती जर्मनीत, बॉनजवळ ऱ्हाइन नदीच्या काठी टेकडीवर असलेल्या पीटर्सबर्ग या सरकारी अतिथिगृहात. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीवर देखरेख ठेवणारे दोस्त राष्ट्रांचे उच्चायुक्त याच वास्तूत बसत. हरलेल्या जर्मनीने आपले अधिकार टप्प्याटप्प्याने परत मिळवले ते इथल्या वाटाघाटींतून. 27 नोव्हेंबर 2001 रोजी अफगाणांचे चार गट तिथे जमले, तेव्हा रमजान चालू होता. दिवसभर वाद घालणारी माणसे संध्याकाळी एकत्र रोजा सोडत.

संयुक्त राष्ट्रांचे दूत लखदर ब्राहिमी हे अल्जीरियाचे माजी परराष्ट्रमंत्री. नव्वदीच्या दशकात शेजाऱ्यांच्या कारवायांना वैतागून त्यांनी अफगाणिस्तानचे काम सोडले होते. या वेळी त्यांनी रचनाच अशी केली की टेबलाशी अफगाण बसतील आणि शेजाऱ्यांचे राजदूत त्याच इमारतीत, पण दाराबाहेर. पाकिस्तान, इराण, भारत, रशिया, अमेरिका सगळे हजर होते. भारताकडून सतिंदर लांबा, इराणकडून जवाद झरीफ, अमेरिकेकडून जेम्स डॉबिन्स. मत कोणालाच नव्हते. बोलायचे ते चहाच्या टेबलावर, जिन्यात, रात्री खोल्यांमध्ये. रावळपिंडी आणि पेशावर इथे शेजारी यजमान होता, शिवाय पटकथाही त्याचीच होती. बॉनमध्ये त्याला पाहुण्याची जागा मिळाली. ब्राहिमी यांचे सर्वांत मोठे कसब हेच होते.

चार गटांकडे पाहिले की शेजाऱ्यांच्या सावल्या लगेच ओळखू येतात. युनुस कानुनी यांच्या नेतृत्वाखालचा नॉर्दर्न अलायन्सचा गट, त्यामागे भारत, इराण आणि रशियाचे जुने पाठबळ. रोममध्ये राहणाऱ्या झहीर शाह यांचा रोम गट. इराणशी संबंध असलेला सायप्रस गट. आणि पाकिस्तानच्या जवळचा पेशावर गट, त्याचे नेते पीर गैलानींचे चिरंजीव हमीद. जमिनीवर सैन्य होते ते पहिल्या गटाकडेच. उरलेल्या तिघांकडे नावे आणि नातीगोती होती. पाकिस्तानची बाजू सर्वांत दुबळी होती, कारण त्याचा खरा आश्रित, तालिबान, खोलीत नव्हताच.

तरीही पाकिस्तानची मुख्य मागणी मान्य झाली : सरकारचा प्रमुख पश्तून असावा. रोम गटातल्या मतदानात कौल मिळाला होता तो अब्दुल सत्तार सिरत यांना, आणि सिरत उझबेक. त्यांच्यावर माघार घेण्यासाठी दबाव आला. हमीद करझई हे नाव पुढे होते. कंदाहारजवळच्या पोपलझाई पश्तून घराण्यातले, अनेक वर्षे क्वेट्टात राहिलेले, शिमल्यात शिकलेले, अमेरिकेला चालणारे. बैठकीच्या पहिल्या दिवशी दक्षिण अफगाणिस्तानातून उपग्रह फोनवर त्यांचा आवाज सभागृहात ऐकवला गेला. पश्तूनांना पुरेशा जागा नाहीत म्हणून अब्दुल हक यांचे भाऊ हाजी अब्दुल कादिर मात्र नॉर्दर्न अलायन्सच्याच शिष्टमंडळातून उठून निघून गेले.

शेवटच्या रात्री गाडे अडले ते खात्यांवर. काबूलमध्ये बसलेले रब्बानी नावांची यादीच पाठवत नव्हते आणि कानुनी बहुतेक मंत्रिपदे आपल्याला हवीत म्हणून हटून बसले होते. त्या रात्रीचे वर्णन डॉबिन्स यांनी पुढे लिहून ठेवले आहे. भारत, रशिया, अमेरिका, जर्मनी सगळ्यांनी समजावून पाहिले, काही उपयोग झाला नाही. मग झरीफ उठले, कानुनींना कोपऱ्यात घेऊन गेले आणि त्यांच्या कानाशी काही बोलले. मिनिटाभरात कानुनी परत आले आणि दोन खाती सोडायला तयार झाले. ज्या इराणला अमेरिका शत्रू मानत होती, त्याच्या दूताने अमेरिकेला हवा असलेला करार वाचवला. 1998 मध्ये मझार-ए-शरीफमध्ये तालिबानच्या हातून आपले मुत्सद्दी गमावलेल्या इराणलाही काबूलमध्ये स्थिर सरकार हवेच होते. 5 डिसेंबरला सह्या झाल्या. त्याच दिवशी अमेरिकेचा एक बॉम्ब भलतीकडे पडून करझई जखमी झाले. नियुक्तीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली ती त्याच गोंधळात.

आठ आठवड्यांनी, 29 जानेवारी 2002 रोजी, बुश यांनी इराणला इराक आणि उत्तर कोरियाबरोबर ‘दुष्टांच्या अक्षा’त बसवले. शेजाऱ्याची मदत घ्यायची आणि त्याच्या काळजीची दखल घ्यायची नाही, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे सापडणार नाही.

22 डिसेंबरला काबूलमध्ये अंतरिम प्रशासनाने सूत्रे घेतली. अध्यक्ष धरून तीस जणांच्या त्या मंडळात सिमा समर आणि सुहैला सिद्दिकी या दोन स्त्रिया होत्या, तालिबानच्या पाच वर्षांनंतर ही मोठीच गोष्ट. पण संरक्षण फहीम यांच्याकडे, गृह कानुनींकडे, परराष्ट्र अब्दुल्ला यांच्याकडे. तिघेही मसूद यांच्या पंजशीर गटातले. समारंभाला भारताचे परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह आले. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबर 1999 च्या अखेरच्या दिवशी, अपहरण झालेल्या आयसी 814 विमानाच्या प्रवाशांना सोडवण्यासाठी अतिरेक्यांना बरोबर घेऊन त्यांनाच कंदाहारला जावे लागले होते. आता ते काबूलमधली भारताची कचेरी पुन्हा उघडायला आले होते. त्याच्या नऊ दिवस आधी दिल्लीत संसदेवर हल्ला झाला होता आणि भारत आणि पाकिस्तानच्या फौजा सीमेवर सरकू लागल्या होत्या. इस्लामाबादमधून या समारंभाकडे पाहणाऱ्याला करझई कमी आणि फहीम व जसवंत सिंह जास्त दिसले असणार. पुढे भारताने जलालाबाद आणि कंदाहार इथले वाणिज्य दूतावास उघडले, तेव्हा ही काळजी संशयात बदलली.

बॉनची त्रुटी इथेच होती. पश्तून प्रमुख देऊन पाकिस्तानची काळजी मिटली, असे सगळ्यांनी धरून चालले. सीमेचा प्रश्न आणि भारताची भीती यांना कोणी हात लावला नाही. त्यातच हरलेल्या तालिबानमधल्या बोलण्याजोग्या लोकांनाही दार बंद ठेवले गेले, आणि ही चूक झाल्याचे स्वतः ब्राहिमी यांनी पुढे अनेकदा सांगितले. बरोबर एका वर्षाने, 22 डिसेंबर 2002 रोजी, सहाही शेजाऱ्यांनी काबूलमध्ये एकमेकांच्या कारभारात ढवळाढवळ न करण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तोवर तालिबानचे नेते क्वेट्टात नव्याने जमू लागले होते. शेजाऱ्याला इमारतीत बोलावणे ही अर्धी मुत्सद्देगिरी. त्याच्या मनात नेमके काय सलते आहे ते टेबलावर आणणे ही उरलेली अर्धी, आणि ती बॉनमध्ये झालीच नाही.

वीस वर्षांनी पाकिस्तानला हवे तसे सरकार मिळाले, निदान तसे वाटले. 15 ऑगस्ट 2021 रोजी तालिबान काबूलमध्ये परतले. सप्टेंबरच्या सुरुवातीला आयएसआयचे प्रमुख फैज हमीद काबूलच्या सेरेना हॉटेलात चहाचा कप हातात घेऊन ‘काळजी करू नका, सगळे ठीक होईल’ असे पत्रकाराला सांगताना दिसले. 7 सप्टेंबरला तालिबानने आपले अंतरिम सरकार जाहीर केले. त्यात एकही स्त्री नव्हती आणि दुसऱ्या कोणत्याही राजकीय गटाला जागा नव्हती. दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानने शेजारी देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक बोलावली.

नंतरच्या वर्षांत पाकिस्तानी तालिबानचे हल्ले वाढत गेले, सीमेवरच्या कुंपणावरून दोन्ही बाजूंच्या सैनिकांत चकमकी झाल्या, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये गोष्टी इतक्या थराला गेल्या की कतारमध्ये युद्धबंदी करावी लागली. राजे, साम्यवादी, मुजाहिदीन, करझई, तालिबान : 1947 नंतर काबूलमध्ये आलेल्या यांपैकी एकाही सरकारने ड्युरँड रेषेला आंतरराष्ट्रीय सीमा म्हणून मान्यता दिलेली नाही.